आराखडा होतो, पण हलत नाही: संस्थेच्या नियोजन कार्यशाळेतले नेहमीचे बिघाड आणि त्यांची दुरुस्ती

दोन दिवसांची निवासी कार्यशाळा पार पडते. लोकांनी मुद्दे लिहिलेली रंगीत कार्डं भिंतभर लागतात, समारोपाला सगळे भारावलेले असतात, तीन आठवड्यांनी चाळीस पानी अहवाल ईमेलवर येतो. दिवाळी येईपर्यंत त्यातलं एकही काम कुणाच्या तोंडी उरत नाही. मग तीन वर्षांनी नवा निधीदाता ‘तुमचा स्ट्रॅटेजिक प्लॅन पाठवा’ म्हणतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वीस-तीस पगारी माणसं, सात ते अकरा विश्वस्त आणि दोन-तीन प्रकल्पांवर चालणाऱ्या स्वयंसेवी संस्थांमध्ये हे इतकं ठरलेलं आहे की ‘पाठपुरावा कमी पडला’ असं म्हणून सगळे मोकळे होतात.

पाठपुरावा हे बहुतेक वेळा कारण नसतं. बिघाड कार्यशाळेच्या खोलीतच झालेला असतो, तो बाहेर सहा महिन्यांनी दिसतो एवढंच.

आधी निदान करा. मागचा अहवाल कपाटातून काढा आणि पेन्सिल घेऊन तीन गोष्टी मोजा. अडथळ्यांच्या किंवा कमजोरीच्या यादीत ‘अभाव’, ‘कमतरता’, ‘अपुरा’, ‘नाही’ हे शब्द किती ओळींत आहेत? कामांच्या तक्त्यात जबाबदारीच्या रकान्यात फक्त एक नाव किती ठिकाणी आहे आणि ‘सर्व टीम’ किती ठिकाणी? आणि संस्थेने अमुक एक काम थांबवायचं ठरवलं, असं अहवालात कुठे लिहिलंय का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर निम्म्याहून जास्त आलं तर खालचा पहिला भाग नीट वाचा. थांबवलेलं काम एकही नसेल तर दुसरा. रकान्यात ‘सर्व टीम’च जास्त असेल तर ‘बळकटीकरण करणे’ हा भाग. यांतली पहिली दोन लक्षणं एकत्र दिसणं हेच जास्त आढळतं.

‘अभावा’ची कार्डं

सहभागी नियोजनाचा जो चार टप्प्यांचा साचा बऱ्याच ठिकाणी वापरला जातो, तो मूळच्या शिकागोच्या इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरल अफेअर्सचा. १९७०च्या दशकात याच संस्थेची माणसं दौलताबादजवळच्या माळीवाड्यात गावकऱ्यांसोबत बसून गावाचा आराखडा करत होती, त्यामुळे मराठवाड्याला ही पद्धत तशी नवी नाही. टप्पे असे: तीन ते पाच वर्षांनी प्रत्यक्ष काय दिसायला हवं (म्हणजे ‘चित्र’), ते आज कशामुळे अडलंय, त्या अडथळ्यांतून वाट काढणाऱ्या दिशा, आणि पहिल्या वर्षाची कामं.

दुसरा टप्पा गाळला जातो. त्याच्या जागी स्वॉटचा (बलस्थानं, कमजोरी, संधी, धोके) चौकोन काढून पाऊण तासात भरतात, तोही जेवणाच्या आधी. कमजोरीच्या खणात ‘निधीची कमतरता’, ‘प्रशिक्षित मनुष्यबळाचा अभाव’, ‘शासनाचं सहकार्य नाही’ असं येतं. मग दुपारी दिशा ठरवताना याच ओळी उलट्या होतात: निधी वाढवणे, मनुष्यबळ वाढवणे, शासनाशी समन्वय साधणे. अहवालावरचं संस्थेचं नाव बोटाने झाकून वाचा. तो शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेलाही जसाच्या तसा लागू पडत असेल तर या आराखड्यात दमच नाही.

असं होतं, कारण जे नाही त्याच्यावर काम करता येत नाही, फक्त ते मिळावं अशी इच्छा करता येते. वाट अडवते ती असलेली गोष्ट: एखादी सवय, रीत, वेळापत्रक, कराराची अट, दोन विभागांतला अबोला. ती नेमकी सापडली की काय करायचं हे निम्मं ठरलेलं असतं.

दुरुस्ती सोपी आहे, पण रेटावी लागते. सत्राच्या सुरुवातीलाच सांगून टाका की कार्डावर अभाव, कमतरता, कमी, अपुरा, नाही हे शब्द चालणार नाहीत. असं कार्ड आलं तर ते परत न करता त्यावर तीन प्रश्न विचारा. हे नाही, तर त्या जागी आज काय आहे? कोण काय करतं, म्हणून ते तसं राहतं? आणि ते तसं राहिल्याने सोय कुणाची होते? तिसरा प्रश्न झोंबतो. तो बाहेरून आलेल्या सुलभकाने, म्हणजे कार्यशाळा चालवणाऱ्यानेच विचारावा, आतल्या माणसाने विचारला की त्याचं भांडण होतं.

‘निधीची कमतरता’ हेच कार्ड घ्या. (सीएसआर म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी.) संवाद साधारण असा जातो:

— निधी नाही, तर आज काय आहे?
— एकाच कंपनीचा सीएसआर. तीन वर्षं झाली.
— दुसरीकडे प्रस्ताव किती गेले?
— यंदा एक. लिहायला वेळच होत नाही.
— लिहितं कोण?
— ताईच.
— आणि ताई फील्डवर असल्या की?
— मग थांबतं.

आता कार्डावर येतं: ‘सगळे प्रस्ताव एकट्या ताईंच्या हातून जातात’. खरं आहे, पण ताई समोरच बसल्या आहेत आणि खोली एकदम गप्प होते. म्हणून माणूस काढा, रीत ठेवा: ‘प्रस्तावाचं काम एकाच टेबलावर अडतं’. यातून निघणारी दिशा ‘निधी वाढवणे’ अशी मोघम राहत नाही. दोन कार्यकर्त्यांनी मसुदा लिहायला शिकायचं, ताईंनी फक्त शेवटचा मसुदा पाहायचा, तिमाहीत दोन प्रस्ताव बाहेर पडायचे. या महिन्यातच सुरू करता येईल असं काम मिळालं.

असंच ‘लोकसहभाग नाही’ या कार्डाखाली ‘आपली गावबैठक मजुरीच्या वेळेत भरते’ सापडतं. ‘कार्यकर्ते टिकत नाहीत’च्या खाली ‘करार अकरा महिन्यांचे, पगारवाढ प्रकल्पाच्या मर्जीवर’. ‘शासनाचं सहकार्य नाही’च्या खाली अनेकदा ‘पंचायत समितीत आपण फक्त तक्रार घेऊन जातो’ असतं, आणि हे कार्ड लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

या सत्राला सलग तीन तास द्या, आणि सकाळीच. जेवणानंतर ठेवलं तर माणसं पेंगतात, पहिल्या दिवशी संध्याकाळी ठेवलं तर रात्रभर खोल्याखोल्यांतून कुजबुज चालते. तीन दिवस मिळाले तर पहिला दिवस चित्राचा, दुसऱ्या दिवशी सकाळी अडथळे आणि त्याच दुपारी दिशा, तिसरा दिवस कामं आणि दिनदर्शिका. दोनच दिवस असतील तर कात्री चित्राच्या सत्राला लावा. पाच वर्षांनी संस्था कशी दिसावी यावर लोकांचं फारसं दुमत नसतं, दोन तासांत उरकतं. दोन दिवसांच्या कार्यक्रमात कात्री नेमकी शेवटच्या कामांच्या सत्राला लागते, हीच मोठी चूक.

माणसांचे दिवस मोजलेच नाहीत

कामांच्या सत्रात उत्साह असतो. पाच दिशांखाली प्रत्येकी आठ कामं लिहिली जातात, चाळीस होतात, टाळ्या पडतात. ती करायला दिवस कुठून येणार हे कुणी विचारत नाही.

हिशेब फळ्यावर मांडा. वर्षाचे ३६५ दिवस. ५२ रविवार गेले, ३१३ उरले. सणावारांच्या साधारण १५ सुट्ट्या आणि १८ रजा धरल्या तर २८०. मासिक बैठक आणि अहवालाचे महिन्याला दोन दिवस, म्हणजे २४, उरले २५६. यातले ८५ टक्के दिवस प्रकल्पाच्या कराराने आधीच बांधलेले असतात, कारण पगार त्याच अंदाजपत्रकातून निघतो. म्हणजे माणशी ३८ दिवस मोकळे. आजारपण, अचानक आलेली व्हिजिट, लग्नसराई धरून ३० पकडा. टक्केवारी तुमच्या करारांप्रमाणे बदलेल, ती लेखापालाकडून घ्या, अंदाजाने लिहू नका.

आराखड्याची कामं उचलू शकतील अशी बारा माणसं असतील तर हातात आले ३६० दिवस. चाळीस कामांना प्रत्येकी पंधरा दिवस धरले तरी ६०० लागतात. २४ कामं बसतात, १६ बसत नाहीत. ती सोळा कार्यशाळेतच खाली उतरवायची. न उतरवल्यास ती आपोआप गळतात, पण कोणती गळतील हे मग कामाच्या रेट्याने ठरतं, आणि रेट्यात आधी जातं ते महत्त्वाचं पण निकडीचं नसलेलं.

दुसरा मार्ग म्हणजे चालू कामातलं काही थांबवून दिवस मोकळे करणं. यासाठी वेगळा अर्धा तास ठेवा आणि भिंतीवर वेगळी पट्टी लावा: ‘हे थांबवू’, ‘हे दुसऱ्याकडे देऊ’, ‘हे निम्म्या वेळात करू’. पहिल्या पट्टीवर एकही कार्ड आलं नाही तर पुढे जाऊ नका. वर्षानुवर्षं चालणारं शिलाई प्रशिक्षण, कुणी न वाचणारं त्रैमासिक, तालुक्यातल्या प्रत्येक जयंती-पुण्यतिथीचा कार्यक्रम यांतलं काही ना काही निघतंच. बंद करायचं काम एखाद्या विश्वस्ताच्या जिव्हाळ्याचं असेल तर ते कार्यशाळेत मिटणार नाही, ते विश्वस्तांच्या बैठकीसाठी बाजूला ठेवा. पण नोंद भिंतीवर राहू द्या.

दादा आधी बोलतात

संस्थापक ‘मला वाटतं’ म्हणाले की पुढची कार्डं त्याच रंगाची येतात. यात त्यांचा दोष असतोच असं नाही. पंचवीस वर्षं ज्यांच्याकडे पाहून लोक निर्णय घेत आले ते खोलीत बसले आहेत, त्याचा हा परिणाम.

दादांना बाहेर बसवणं हा उपाय नाही. त्यांच्याशिवाय झालेला आराखडा त्यांच्याच टेबलावर अडकेल. क्रम बदला. प्रश्न मांडला की पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प राहून आपापल्या वहीत सात-आठ मुद्दे लिहायचे. मग तिघातिघांनी बसून आपापल्या वह्यांतून मिळून सात-आठ मुद्दे निवडायचे आणि ते कार्डावर उतरवायचे. त्रिकुटात एक फील्डवरचा, एक कार्यालयातला आणि एक विश्वस्त किंवा समन्वयक असावा. कार्डं भिंतीवर न्यायची तीन फेऱ्यांत: आधी प्रत्येक गटाची सगळ्यात स्पष्ट वाटणारी दोन, मग वर लागलेल्यांपेक्षा वेगळी दोन, मग उरलेली. एकसारखी कार्डं एका रांगेत घ्या, पण रांगांना नावं लगेच देऊ नका. चौकोन, त्रिकोण अशी खूण करा. नाव आधी दिलं की पुढची कार्डं त्या नावात कोंबली जातात. पाच ते आठ रांगा झाल्या की नावं द्या, आणि प्रत्येक नावावर दादांनी शेवटी बोलायचं. हे त्यांच्याशी आदल्या आठवड्यात बोलून घ्या. सगळ्यांसमोर ‘दादा, तुम्ही नंतर’ म्हणण्याची पाळी आली तर सुलभकाची तयारी कच्ची होती.

सुलभक संस्थेचा विश्वस्त नसावा, आणि ज्याला या विषयातलं फार कळतं असा सल्लागारही शक्यतो नसावा. त्याला उत्तरं सुचत राहतात आणि तो ती सांगत सुटतो.

खोली आणि सामान

हे किरकोळ वाटतं, पण निम्म्या कार्यशाळा इथेच बसतात. सलग १२ ते १५ फूट मोकळी भिंत हवी, खांब, खिडकी, तसबिरी नसलेली. रिसॉर्टचा हॉल ठरवण्याआधी भिंतीचा फोटो मागवा, जेवणाचा मेनू नंतर. खुर्च्या अर्धवर्तुळात, समोर टेबलं नकोत, स्टेज तर अजिबात नको. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत यांत सकाळचा दीड तास सहज जातो. हौस असेल तर आदल्या संध्याकाळी उरका.

वीस माणसांसाठी ए-फोरच्या निम्म्या आकाराची ३०० जाड कार्डं, रांगांच्या नावांसाठी वेगळ्या रंगाची ४०, जाड तिरक्या टोकाचे काळे आणि निळे २५ मार्कर, मास्किंग टेपचे सहा रोल. आडव्या कार्डावर पाच ते सात शब्द, अक्षर इंचभर उंच. बॉलपेनने लिहिलेलं कार्ड मागच्या रांगेतून दिसत नाही आणि न दिसलेल्या कार्डावर कुणी बोलत नाही. भिंतीचा रंग निघतो म्हणून हॉलवाले टेप लावू देत नसतील तर जाड कापड दोरीवर ताणून त्यावर, कार्डं काढून पुन्हा लावता येतील असा चिकट स्प्रे मारा. कार्डं मराठीतच लिहू द्या. इंग्रजी अहवाल निधीदात्याला लागतोच, तो नंतर करा. पण मूळ कार्डांचे फोटो आणि शब्दशः टंकलेली यादी चार दिवसांत सगळ्यांच्या व्हॉट्सअपवर गेली पाहिजे. सुलभकाच्या सुबक भाषेत लिहिलेल्या अहवालात फील्डवरच्या माणसाला आपलं वाक्य सापडत नाही.

‘बळकटीकरण करणे’

कामांच्या तक्त्यात क्रियापदं पाहा. सक्षमीकरण, बळकटीकरण, जनजागृती, समन्वय साधणे, भर देणे, प्रयत्न करणे. यांतलं एकही कधी संपत नाही, त्यामुळे झालं की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही.

कसोटी एकच: बाहेरच्या माणसाने त्या तारखेला येऊन पाहिलं तर त्याला कळेल का? ‘बचत गटांचं बळकटीकरण’ कळणार नाही. ‘१८ गटांची हिशेबाची वही महिन्याच्या बैठकीतच लिहून पूर्ण, ३० जूनपर्यंत’ कळेल. पहिल्या ९० दिवसांसाठीच असं बारीक लिहा, दिशेमागे दोन-तीन कामं पुरेत. प्रत्येकाला एक नाव, एक तारीख. मदतीला चार जण असू देत, पण रकान्यात नाव एकाचंच. त्या माणसाने खोलीत उभं राहून ‘हे माझं’ म्हणायला हवं. गैरहजर असलेल्याच्या नावावर काम टाकलं असेल तर ते पडलं म्हणून समजा.

विश्वस्तांचा ठराव आणि कायद्याची कुंपणं

कार्यशाळेला अकरापैकी तीन विश्वस्त आले, उरलेल्या आठांनी अहवाल उघडलाही नाही. एप्रिलच्या अंदाजपत्रकात आराखड्याचा एक रुपया नाही. मग पैसे कुठून खर्च करायचे?

महिन्याच्या आत विश्वस्त मंडळाची बैठक घेऊन आराखडा ठरावाने मंजूर करा, इतिवृत्तात थांबवायच्या कामांचीही नोंद घ्या. यासाठी कार्यशाळेचा महिना महत्त्वाचा. मे महिना सोयीचा म्हणून निवडला जातो, पण तोवर अंदाजपत्रक होऊन गेलेलं असतं. मार्चमध्ये उपयोगिता प्रमाणपत्रांची (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यांची) धावपळ, जून-जुलैत पेरण्या, सप्टेंबरात ऑडिट आणि गणपती. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ सगळ्यात बरा.

दिशा ठरवताना तीन कुंपणं आधी फळ्यावर लिहून ठेवा. संस्थेच्या घटनेतल्या उद्देशांत न बसणारं काम आराखड्यात घेता येत नाही. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला २०२०च्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर नेता येत नाही; त्यामुळे ‘छोट्या संस्थांचं जाळं उभारून त्यांना निधी देऊ’ ही दिशा त्या पैशावर उभी राहू शकत नाही. आणि सीएसआरवर मदार असेल तर १ एप्रिल २०२१ पासून संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे या नावाच्या फॉर्मवर होणारी) लागते. हे मुद्दे आराखडा झाल्यावर सनदी लेखापालाने दाखवले की अख्खी रांग भिंतीवरून उतरते आणि लोकांचा हुरूप जातो.

‘आयत्या वेळचे विषय’

मासिक बैठकीत आधी प्रकल्पांचे अहवाल वाचले जातात, मग हिशेब, मग रजा-गाड्या. आराखडा येतो तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात, म्हणजे पाच वाजता, एसटी पकडायच्या वेळी.

तो पहिला विषय करा, वीस मिनिटांचा. ९० दिवसांचा तक्ता मोठ्या कागदावर कार्यालयात लावलेला असावा आणि त्याच्यासमोर उभं राहून बोलावं. प्रत्येक कामावर तीनपैकी एकाच शब्दात उत्तर: झालं, चालू किंवा अडलं. अडलेल्यावर चर्चा, बाकीच्यांवर नाही. दर तिमाहीला अर्धा दिवस बसून पुढच्या ९० दिवसांची कामं लिहायची. पहिल्या तिमाहीच्या या बैठकीला सुलभक हजर असावा आणि त्याचा मोबदला मूळ करारातच धरलेला असावा. नुसत्या कार्यशाळेच्या दिवसांचे पैसे ठरवले की तो दुसऱ्या संध्याकाळी गाडीत बसतो. करार करताना कार्यशाळेआधीच्या आठ-दहा मुलाखती, आखणीचे दोन दिवस, कार्यशाळा आणि ९० दिवसांनंतरचा एक दिवस असं धरा.

आराखडा आधीच कपाटात असेल तर

नवी कार्यशाळा भरवू नका. लोक ‘पुन्हा तेच’ म्हणतील आणि खोटं म्हणणार नाहीत. अर्धा दिवस पुरतो. जुन्या आराखड्यातली सगळी कामं कार्डांवर उतरवा आणि तीन रांगा करा: झालेली, अजून हवी असलेली, आता नको असलेली. पहिल्या रांगेत अपेक्षेपेक्षा जास्त कार्डं निघतात. बरीच कामं आराखडा न उघडताही झालेली असतात, ती मोठ्याने वाचा. दुसऱ्या रांगेतल्या प्रत्येक कार्डावर ‘अभावा’च्या भागातले तीन प्रश्न विचारून ते अडलंय कशामुळे हे लिहा, मग दिवसांचा हिशेब लावून जास्तीत जास्त सहा कामं ९० दिवसांसाठी उचला. तिसऱ्या रांगेतली कार्डं फेकू नका. प्रत्येकाच्या मागे ‘थांबवलं’, तारीख आणि एका ओळीत कारण लिहून ती इतिवृत्ताच्या फाइलला लावा. दोन वर्षांनी नवा समन्वयक तीच कल्पना घेऊन आला की फाइल उघडून ती का सोडली होती ते त्याला दाखवता येतं.